चिमणी आहे, माणूस कुठाय?

मिलच्या जागेतल्या ऑफिसात बसणाऱ्या तुम्हा-आम्हाला गिरणीचे फोटो जाम आवडतात. विटांची भिंत, गंजलेलं गेट, उंच चिमणी... एकदम क्लासी! पण त्या फ्रेममध्ये काम करणारा माणूस किती वेळा दिसतो? लोअर परेलच्या कॅफेपासून धाराशिवजवळच्या तेरपर्यंत घेतलेला हा शोध.

लंच अवरला लोअर परेलमध्ये एक चक्कर मारा. कमला मिल्स, तोडी मिल्स, मथुरादास मिल्स, फिनिक्स... पत्त्यात अजूनही ‘मिल’ आहे. आत मात्र सूत नाही की साचा नाही. आत आहेत क्लायंटचे कॉल, डेडलाइन्स, गारेगार एसी आणि महागडा पास्ता. आणि मधूनच कुठेतरी, काचेच्या दोन टॉवरांच्या फटीत, विटांची एक उंच चिमणी. गळ्यात आयकार्ड अडकवलेली पोरंपोरी तिच्या पायथ्याशी उभी राहून फोटो काढतात. ब्लॅक अॅण्ड व्हाइट फिल्टर, खाली ‘ओल्ड बॉम्बे व्हाइब्स’, आणि संध्याकाळपर्यंत शे-दीडशे लाइक्स. चिमणी असतेच फोटोजेनिक, काय करणार!

मी फ्रीलान्सर, म्हणजे बिनऑफिसची. त्यामुळे माझ्या मीटिंगा अशाच एखाद्या मिल कंपाउंडमधल्या कॅफेत होतात. त्यातल्या एकाच्या भिंतीवर बंद पडलेल्या गिरणीचे मोठ्ठे फोटो लावलेत. बिडाचे खांब, फुटक्या छपरातून आलेली उन्हाची तिरीप, गंजलेलं दातेरी चाक. बघत राहावं असे. तीन-चार वेळा त्यांच्याखाली बसले आणि डोक्यात एक किडा वळवळायला लागला. एवढ्या फोटोंत माणूस एकही नाही! तीन-तीन पाळ्यांत हजारो लोक राबायचे ना इथे? मग ते गेले कुठे?

रविवारचे देणेकरी

थोडा हिशेब आधी उरकून टाकू. कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ मध्ये ताडदेवला मुंबईतली पहिली कापड गिरणी उभी करायला घेतली. पुढच्या शंभर-सव्वाशे वर्षांत या गिरण्यांनी मुंबई घडवली, असं सगळेच म्हणतात. पण तुमच्या-माझ्या दृष्टीने त्यातली सगळ्यात भारी गोष्ट कुठली माहितीये? वीकएण्ड! गिरणीत आठवड्याची हक्काची सुट्टी नव्हती. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये कामगारांची संघटना बांधली, सभा घेतल्या, अर्ज केले आणि १८९० च्या जूनमध्ये गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. तेव्हा रविवारी सकाळी अकरा वाजता उठून जी कॉफी पिता ना, तिच्यात एक घोट त्यांचा आहे.

मग आला १८ जानेवारी १९८२. डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. तो संप कधी संपलाच नाही, नुसता विरत गेला. गिरण्या एकेक करून थंडावल्या. १९९१ च्या विकास नियमावलीत गिरण्यांच्या जमिनीचे तीन वाटे ठरले: एक मोकळ्या जागेसाठी, एक स्वस्त घरांसाठी, एक मालकाला. २००१ च्या बदलात ही वाटणी फक्त रिकाम्या जमिनीपुरती उरली. ज्या जमिनीवर बांधकाम होतं ती त्यातून सुटली, आणि गिरणी म्हणजे बांधकामच की हो! प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं आणि मार्च २००६ मध्ये निकाल त्या बदलाच्या बाजूने लागला. बाकी तुम्ही रोज लिफ्टमधून वर जाताना बघताच.

कामगारांच्या वाट्याला काय आलं? म्हाडाच्या घरांची सोडत. पहिली २०१२ मध्ये निघाली. अर्ज दीड लाखाहून जास्त. बरेच जण अजून वाट बघताहेत, कित्येकांच्या जागी आता मुलं किंवा सुना रांगेत आहेत. आणि या घरासाठी आधी सिद्ध काय करावं लागतं? की आपण, किंवा आपले वडील, १ जानेवारी १९८२ ला किंवा त्यानंतर गिरणीच्या हजेरीपटावर होतो. तिकीट नंबर, पगाराची पावती, फंडाची चिठ्ठी, ईएसआयचं कार्ड... पत्र्याच्या ट्रंकेतून शोधून काढलेले पिवळे कागद. गिरणीच्या भिंतींचे इतके फोटो जगभर फिरतात, आणि त्या भिंतीच्या आत होतो हे दाखवायला माणसाकडे एक फोटो नसतो!

माझ्या घरातला एकुलता फोटो

आमच्या धाराशिवच्या घरी असाच एक फोटो आहे. म्हणजे, आहे आणि नाही. माझे चुलत आजोबा बार्शीच्या गिरणीत होते. धाराशिवहून बार्शी तासाभरावर, सोलापूर त्याहून थोडं पुढे. आमच्याकडे दुष्काळ पडला की माणसं तिकडच्या भोंग्याच्या दिशेने चालू लागायची, असं घरात सांगतात. तर फोटोत आजोबा खुर्चीत ताठ बसलेत. पांढरं धोतर, काळा कोट (बहुतेक स्टुडिओवाल्याचा), शेजारी तिपाईवर प्लॅस्टिकची फुलं आणि मागे पडद्यावर रंगवलेला तलाव. तलावात हंससुद्धा आहे! बार्शीत कसला आलाय हंस?

पण गिरणी? नाही. साचा नाही, धोटा नाही, केसांत अडकलेला कापूस नाही. जन्म जिथे गेला ती जागाच फोटोत नाही. तुमच्याही घरी, आजोळी, असे फोटो असतील. उघडून बघा. बँकेतले, कचेरीतले आजोबा कधीमधी टेबलामागे बसलेले सापडतील. यंत्रापाशी उभे असलेले आजोबा शोधूनही मिळत नाहीत. कॅमेरा महाग होता, गिरणीत न्यायला परवानगी नसायची आणि मुख्य म्हणजे कळकट कपड्यांत फोटो काढून घ्यायची हौस कुणाला असणार?

यंत्रांचे फोटो मात्र निघत होते, आणि ते झकास निघत होते. मित्तर बेदी हे नाव फोटोग्राफीचा नाद असलेल्यांनी ऐकलं असेल. १९२६ चा जन्म, १९८५ मध्ये गेले. मुंबईत राहून त्यांनी औद्योगिक फोटोग्राफी हा आपल्याकडे नवाच असलेला धंदा उभा केला. स्वातंत्र्यानंतर पोलाद, वीज, रसायनं, सगळीकडे कारखाने उभे राहत होते आणि कंपन्यांना कॅलेंडरं-अहवालांसाठी दिमाखदार फोटो हवे होते. बेदींच्या फ्रेममध्ये पाइपसुद्धा शिल्पासारखा दिसतो. माणूस येतो, पण बऱ्याचदा यंत्र केवढं अजस्र आहे याचं माप द्यायला! फोटोसाठी पैसे यंत्राचा मालक मोजत होता, हे लक्षात घेतलं की त्यात फारसं नवल उरत नाही.

थोडक्यात काय, यंत्र कंपनीच्या अल्बममध्ये आणि माणूस स्टुडिओच्या तलावाकाठी. दोघं एका फ्रेममध्ये आलेच नाहीत.

जर्मनीतली जोडी आणि कुलाब्यातली गिरणी

रिकाम्या कारखान्यांच्या फोटोंची फॅशन निघाली कुठून? त्याचं बरंचसं श्रेय (की दोष?) एका जर्मन नवरा-बायकोला जातं. बर्न्ड आणि हिला बेखर. १९५० च्या दशकाच्या शेवटापासून पुढे जवळजवळ पाच दशकं हे दोघं खाणींचे मनोरे, पाण्याच्या टाक्या, झोतभट्ट्या असल्या गोष्टींचे फोटो काढत फिरले. नेहमी ढगाळ हवा, कॅमेरा अगदी समोर, माणूस एकही नाही. मग तेच ते नऊ किंवा बारा मनोरे शेजारी शेजारी मांडायचे. १९९० च्या व्हेनिस बिएनालेमध्ये त्यांना बक्षीस मिळालं, तेही शिल्पकलेचं! मला त्यांचे फोटो आवडतात. एक प्रकारची जनगणनाच होती ती, पाडापाडी सुरू होण्याआधी घाईने केलेली. झोल पुढे झाला. त्यांची चिकाटी कुणी उचलली नाही, रिकामी फ्रेम तेवढी सगळ्यांनी उचलली.

आपल्याकडचं त्याचं टोक म्हणजे कुलाब्याची मुकेश मिल. समुद्राला लागून असलेली ही गिरणी १९८२ मध्येच आगीत गेली आणि नंतर तिचं रूपांतर चक्क शूटिंगच्या लोकेशनमध्ये झालं. भुताचे सिनेमे, मारामाऱ्या, गाणी, जाहिराती, फॅशन शूट. त्या पडक्या कमानी तुम्ही शंभर वेळा पाहिल्यात, फक्त नाव माहीत नसेल. तिथे माणसं दिसतात, नाही असं नाही. पण हजारोंचा लेहंगा घालून!

एक्स-रे बघणारा चित्रकार

आता माझ्या आवडत्या माणसाकडे येते. सुधीर पटवर्धन. जन्म १९४९, पुण्याचा. मेडिकल करून १९७३ मध्ये मुंबईत आले आणि पुढे तीसेक वर्षं ठाण्यात रेडिओलॉजिस्ट म्हणून प्रॅक्टिस केली. म्हणजे दिवसा लोकांचे एक्स-रे बघायचे आणि उरलेल्या वेळात लोकांचीच चित्रं काढायची! चित्रकला कुठल्या आर्ट स्कूलमध्ये शिकलेले नाहीत. नोकरी सांभाळून काहीतरी करू बघणाऱ्या तुम्हा मंडळींना हे ऐकून जरा बरं वाटेल.

त्यांची ‘इराणी रेस्टॉरंट’, ‘ट्रेन’, ‘ओव्हरब्रिज’, ‘अॅक्सिडेंट ऑन मे डे’ ही सत्तर-ऐंशीच्या दशकातली चित्रं बघा. पोस्टरवरचा मूठ आवळलेला, छाती पुढे काढलेला कामगार तिथे नाही. जो आहे तो कामावरून सुटलेला, पाठीतून जरा वाकलेला, जड पावलं टाकणारा. शरीर आतून कसं असतं हे रोज बघणाऱ्या माणसाने ते बाहेरून काढलंय, हे जाणवतं. थकवा चेहऱ्यावर दाखवणं सोपं असतं. पटवर्धन तो खांद्यात दाखवतात.

पुढे त्यांनी ठाण्याचा पोखरण रोड रंगवला, वाढत सुटलेली उपनगरं रंगवली. आणि २००१ मध्ये ‘लोअर परेल’ नावाचं चित्र केलं. तेव्हा गिरणगावाचं रूपांतर अर्ध्यावर आलं होतं. गिरणी पुरती गेली नव्हती आणि मॉल पुरता आला नव्हता. बंद गिरणीचा नुसता सांगाडा त्यांनाही उचलता आला असता. त्यांनी परिसर घेतला तो रस्त्यावरच्या माणसांसकट. म्हणूनच ते चित्र बघताना ‘अरेरे, काय दिवस होते’ असं वाटत नाही. आपण रोज त्याच वाटेने जातो, हे आठवतं. त्या वाटेवरचे जिने-पूल गिरणीच्या काळातलेच राहिले आणि ऑफिसची गर्दी नव्या काळातली आली, याची किंमत २९ सप्टेंबर २०१७ ला एल्फिन्स्टन रोडच्या पुलावर २३ जणांनी मोजली. ती माणसं कोण होती? कामावर निघालेली. तुमच्यासारखी, माझ्यासारखी.

पटवर्धनांची आणखी एक गोष्ट मला फार भावते. आपण रंगवतो ती माणसं जहांगीर आर्ट गॅलरीची पायरी चढत नाहीत, हे त्यांनी ओळखलं होतं. २००८-०९ मध्ये ‘विस्तारणारी क्षितिजे’ या नावाने त्यांनी भारतीय चित्रकारांच्या अस्सल कलाकृतींचं फिरतं प्रदर्शन महाराष्ट्रातल्या वेगवेगळ्या शहरांत नेलं. प्रिंट नाही, स्लाइड नाही, मूळ चित्रं. त्यांचा स्वतःचा मोठा सिंहावलोकनाचा शो २०१९-२० च्या सुमारास मुंबईच्या एनजीएमएमध्ये झाला. ज्यांनी तो चुकवला त्यांच्यासाठी पुस्तकं आहेत.

आणि एक फिल्म आहे. ‘साचा’. अंजली मोंतेरो आणि के. पी. जयशंकर यांची, २००१ ची. जेमतेम पाऊण तासाची डॉक्युमेंटरी. त्यात दोघं जण आहेत, चित्रकार पटवर्धन आणि कवी नारायण सुर्वे, आणि दोघांच्या मधे ही विस्कटत चाललेली कामगारांची मुंबई. सुर्वे तर गिरणी कामगाराच्या घरात वाढलेले, स्वतः गिरणीत राबलेले. २०१० मध्ये ते गेले. त्यांचा आवाज, त्यांचं ते रस्त्यातून चालणं तिथे टिपलं गेलंय, हेच केवढं! साचा म्हणजे गिरणगावच्या भाषेत माग, आणि साचा म्हणजे ज्यातून एकसारख्या वस्तू निघतात तोही. शब्द लक्षात असू द्या, थोड्या वेळात पुन्हा लागणार आहे.

याच रांगेत जयंत पवारांचं १९९७ चं ‘अधांतर’ नाटक येतं, ज्यावरून २०१० मध्ये महेश मांजरेकरांनी ‘लालबाग परळ’ काढला. आणि नीरा आडारकर, मीना मेनन यांचं २००४ चं इंग्रजी पुस्तक, ज्यात गिरणगावच्या शंभरेक लोकांनी आपापल्या तोंडून सांगितलेला इतिहास आहे. कॅमेऱ्याने सोडलेली जागा कानांनी भरून काढली, असं म्हणायला हरकत नाही. काळाचौकीला इंडिया युनायटेड मिलच्या आवारात महापालिकेचं टेक्स्टाइल म्युझियम वर्षानुवर्षं होऊ घातलंय. तिथे यंत्रं असणार, चिमणी तर आहेच. हे शंभर आवाज कुठल्या दालनात ऐकू येणार, एवढीच माझी उत्सुकता.

मुंबईच्या बाहेरचा एक तरुण चित्रकार सांगते आणि मग गावाकडे वळते. प्रभाकर पाचपुते, जन्म १९८६, चंद्रपूर जिल्ह्यातल्या सास्तीचा. कोळसा खाणीचा मुलूख. २०१२ मध्ये मुंबईच्या क्लार्क हाउसमध्ये त्याने ‘कॅनरी इन अ कोलमाइन’ नावाचा शो केला. कोळशाने, थेट भिंतीवर काढलेली चित्रं! त्याच्या चित्रांतल्या माणसांच्या डोक्याच्या जागी कधी दिवा असतो, कधी आणखीच कुठली वस्तू. धड माणसाचं, डोकं कामाचं. आजोबांच्या फोटोत जे दोन तुकडे वेगळे पडले होते ते याने एकाच अंगात शिवून टाकलेत. जरा भीती वाटते बघून. वाटायलाच हवी.

तेरची टॅगलाइन

आता धाराशिव. (हो, तुमच्यापैकी कित्येकांच्या मार्कशीटवर अजून उस्मानाबाद असेल, नाव बदललं २०२३ मध्ये.) मित्रमंडळींना वाटतं, आमच्याकडे तुळजाभवानी आणि दुष्काळ सोडून काही नाही. कारखानदारीचा वारसा वगैरे तर दूरची बात. त्यांना मी तेरला नेते.

धाराशिवपासून वीस-पंचवीस किलोमीटरवर, तेरणा नदीकाठी हे गाव. दोन हजार वर्षांपूर्वी याचं नाव तगर. पहिल्या शतकातल्या एका अनामिक ग्रीक खलाशाने हिंदी महासागरातल्या व्यापाराची माहितीपुस्तिका लिहून ठेवलीये, ‘पेरिप्लस’. त्यात पैठणपासून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर तगर नावाचं फार मोठं शहर आहे असं म्हटलंय. आणि तिथून भडोच बंदराकडे काय जातं? भरपूर साधं कापड, तऱ्हेतऱ्हेची मलमल. चक्क टेक्स्टाइल हब! लँकेशायरच्या कितीतरी आधी, गिरणगावाच्या अठराशे वर्षं आधी.

तेरच्या रामलिंगप्पा लामतुरे यांनी गावात सापडणाऱ्या जुन्या वस्तू आयुष्यभर जमवल्या. त्यांच्या संग्रहातून तिथलं सरकारी वस्तुसंग्रहालय उभं राहिलं आणि आज ते त्यांच्याच नावाने ओळखलं जातं. शंखाच्या बांगड्या, काचेचे मणी, हस्तिदंती स्त्रीमूर्ती. पाँपेईच्या अवशेषांत १९३८ मध्ये एक भारतीय हस्तिदंती मूर्ती सापडली होती, तिच्याशी या मूर्तीचं नातं अभ्यासक सांगतात. म्हणजे आमच्या गल्लीतली बाई आणि इटलीतली बाई, बहिणी बहिणी! पण मी दर वेळी रेंगाळते ती पांढऱ्या केओलिन मातीच्या बाहुल्यांपाशी. पुढची बाजू एका साच्यात, मागची दुसऱ्यात, मग दोन्ही जोडून भाजायचं. आतून पोकळ, वजनाला हलकी. बघा, आला की नाही साचा पुन्हा? एकसारखा माल, पटापट. मास प्रॉडक्शन म्हणतात ते हेच ना?

बाहुल्यांचे दागिने, केसांचे अंबाडे, सगळं दिसतं. पण ते कापड विणणारा, त्या साच्यात माती दाबणारा? त्याचं काही नाही. दोन हजार वर्षांनी उरल्या त्या वस्तू आणि एका परदेशी खलाशाची दोन वाक्यं. कॅफेच्या भिंतीवरच्या फोटोंत आहे तसंच की!

एक अपवाद मात्र तेरमध्येच आहे, आणि तो तुम्ही लहानपणापासून बघत आलात. संत गोरा कुंभार. तेराव्या शतकातले, नामदेवांच्या काळातले, याच गावचे. कॅलेंडरवरचं त्यांचं चित्र आठवा. गुडघ्यापर्यंत चिखलात, पाय माती तुडवताहेत, डोळे मिटलेले, तोंडात विठ्ठलाचं नाव, आणि पायाखाली आलेलं ते तान्हं मूल. शेजारी मडकी, चाक. पुढे चमत्कार होतो हे माहीत असूनही लहानपणी मी त्या चित्राकडे बघायची नाही. पण आता विचार करते, कामाच्या जागी, कामाच्या कपड्यांत, प्रत्यक्ष काम करत असलेल्या कारागिराचं हे असलं चित्र मराठी घरात आणखी कुठलं होतं? कारागीर, त्याची माती, त्याचं हत्यार, त्याची तंद्री आणि त्या कामाने घेतलेला बळीसुद्धा, सगळं एका फ्रेममध्ये. कॅलेंडरवाल्या चित्रकारांना कुणी आर्टिस्ट म्हणत नाही, पण जे गिरणीच्या फोटोंना जमलं नाही ते त्यांना जमून गेलंय. देवघराशेजारी खिळ्याला टांगलेलं, पंचांगासकट!

अजून चालू असलेला आवाज

तेरहून परतताना मी मुद्दाम बार्शीची वाट धरली. बार्शी टेक्स्टाइल मिल ही राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाची, म्हणजे एनटीसीची. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये एनटीसीच्या देशभरातल्या चालू गिरण्या थांबल्या, त्यात हीसुद्धा होती. कुठे भोंगा नाही, कुठे चहाच्या टपरीवर पाळी सुटल्याची झुंबड नाही. मी नुसती रस्त्यावरून गेले. थांबून फोटो काढावासा वाटला नाही, खरं तर.

सोलापूरची गोष्ट निराळी. १८७० च्या दशकात मोरारजी गोकुळदासांनी काढलेली सोलापूर स्पिनिंग अॅण्ड वीव्हिंग, म्हणजेच लोकांच्या तोंडातली ‘जुनी मिल’, मग लक्ष्मी, विष्णू, नरसिंग गिरजी, जाम... या मोठ्या गिरण्या इतिहासजमा झाल्या. पण शहराचं कापड थांबलं नाही. तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांनी हातमाग आणले, पुढे यंत्रमाग. सोलापुरी चादर आणि टेरी टॉवेल या दोन्हींना भौगोलिक मानांकन आहे. आता गंमत अशी की तुमच्या बेडवरची ‘सोलापुरी’ बहुधा सोलापूरची नसते. दुसरीकडून स्वस्त माल येतो, लेबल मात्र आमचं! त्यामुळे चादरीचे माग कमी होत चाललेत आणि कारखानदार टॉवेलकडे वळलेत.

ओळखीतून एका छोट्या कारखान्यात मला तासभर उभं राहू दिलं. आत पाऊल टाकल्यावर पहिलं जाणवतं ते दिसणं नाही, ऐकणं. खटक-खटक-खटक, वीस मागांचं एकदम. बोलायचं तर कानाशी तोंड न्यावं लागतं. मागाच्या वर जॅकार्डची भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ सरकत असते. कुठला धागा वर उचलायचा हे ती भोकं सांगतात आणि खाली पांढऱ्या-लाल सुतातून हळूहळू मोराचा तुरा उगवतो. (कम्प्युटरवाल्यांनो, तुमची पंच कार्डं या पुठ्ठ्यांवरूनच सुचलेली!) हवेत कापसाचा भुगा. ट्यूबलाइटवर, घड्याळावर, विणकराच्या भुवयांवर. फुफ्फुसातही जातच असणार.

मागावर होते ते काका पन्नाशीचे. डोळे धाग्यावर आणि हात आपोआप. धागा तुटला की माग थांबवायचा, गाठ मारायची, पुन्हा सुरू. गाठ मारायला लागतात जेमतेम दोन-तीन सेकंद. ती गाठ टिपायला मला चाळीस फोटो लागले. शेवटी एक जमला. मागची पुठ्ठ्यांची माळ, अर्धा विणलेला मोर, चिमटीत धागा, भुवयांवर कापूस आणि त्यातून वर आलेली नजर. कॅफेच्या भिंतीवर जे मला कधी दिसलं नाही ते सगळं एका फ्रेममध्ये! मी जाम खूश. त्यांनाही दाखवला. त्यांनी बराच वेळ बघितला, मान हलवली आणि कानाशी येऊन ओरडून सांगितलं की व्हॉट्सअॅपवर पाठवा, मुलीला पुण्याला पाठवतो, तिने कधी हा कारखाना पाहिलेला नाही.

पाठवला. दोन दिवसांनी बघते तर काकांच्या डीपीला तोच फोटो. फक्त चेहरा ठेवलाय. माग कापून टाकलाय, मोर गेलाय, धागा गेलाय, भुवयांवरचा कापूस कुठल्याशा अॅपने साफ केलाय आणि मागे आलंय निळंशार तळं. हंस नाहीये, पण कमळं आहेत.